कोणत्या सर्व्हरला कोणतं ऑटोस्केलिंग: तयारीपासून चाचणीपर्यंत

इंदुरात सुपर कॉरिडॉर, विजय नगर या भागांतल्या छोट्या टीम्सची क्लाउड खाती पाहिली की एक गोष्ट हमखास आढळते. ऑटोस्केलिंग, म्हणजे गर्दीनुसार सर्व्हरची संख्या आपोआप कमीजास्त करणं, चालू असतं, पण सगळ्या सर्व्हरना नियम एकच: सीपीयू ७० टक्क्यांवर गेला की एक वाढवा, खाली आला की एक काढा. वेब सर्व्हर असो, रांगेतली कामं उपसणारा वर्कर असो की जीपीयूवर मॉडेल चालवणारं मशीन, माप तेच. मग कधी बिल फुगतं, कधी ऐन गर्दीत साईट पडते, आणि टीम म्हणते की ऑटोस्केलिंग आपल्या कामाचं नाही.

नियम चुकतो त्यापेक्षा क्रम जास्त चुकतो. कन्सोल उघडल्याबरोबर पॉलिसीचा (सर्व्हर कधी वाढवायचे-काढायचे या नियमाचा) फॉर्म समोर येतो, म्हणून लोक पॉलिसीपासून सुरुवात करतात. खरं तर पॉलिसी बऱ्याच नंतर येते. आधी सर्व्हर कोणत्या प्रकारचा आहे ते ओळखायचं, मग तो सुरक्षितपणे बंद होतो का ते पाहायचं, मग वेळ मोजायची, आणि मगच पद्धत निवडायची. खालची बरीचशी नावं एडब्ल्यूएसची, म्हणजे अमेझॉनच्या क्लाउडची आहेत. मायक्रोसॉफ्टच्या अझूरचे स्केल सेट आणि गूगलचे मॅनेज्ड इन्स्टन्स ग्रुप यांनाही हाच क्रम लागू पडतो.

## १. सर्व्हरची यादी करा आणि प्रत्येकाला तीन प्रश्न विचारा

एका कागदावर किंवा शीटवर सगळे सर्व्हर लिहा. प्रत्येकासमोर तीन उत्तरं हवीत.

पहिलं, लोड वाढला की यातलं काय आधी संपतं? सीपीयू, मेमरी, डेटाबेस कनेक्शन, नेटवर्क की दुसऱ्या कुणाच्या एपीआयची मर्यादा? दुसरं, 'नवा सर्व्हर द्या' म्हटल्यापासून तो पहिली रिक्वेस्ट घेईपर्यंत किती वेळ जातो? तिसरं, तो मधेच बंद केला तर काय हरवतं?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर अंदाजाने देऊ नका. एकच सर्व्हर घ्या, त्यावर लोड हळूहळू वाढवत न्या आणि प्रतिसाद बिघडायला लागला की थांबा. त्या क्षणी काय टोकाला गेलं होतं ते पाहा. भंवरकुआँच्या कोचिंग क्लासेससाठी ऑनलाइन टेस्ट सिरीज चालवणाऱ्या साईटचं उदाहरण घेऊ. रविवारी सकाळी हजारो मुलं एकाच मिनिटाला लॉगिन करतात. तिथे पासवर्ड पडताळणीचं हॅशिंग सीपीयू खातं. तास-दीड तासाने सगळे उत्तरं सबमिट करतात तेव्हा सीपीयू निवांत असतो आणि डेटाबेस कनेक्शन संपतात. सर्व्हर तोच, पण एकाच सकाळी अडचणी दोन. पहिली जास्त सर्व्हर दिल्याने सुटते. दुसरी जास्त सर्व्हर दिल्याने बिघडते.

तपासा: तिन्ही उत्तरं मोजून लिहिली आहेत का? एखाद्या सर्व्हरसमोर 'बहुतेक सीपीयू' असं लिहिलेलं असेल तर तिथे पुढे जाऊ नका.

## २. सर्व्हर बंद व्हायला तयार करा

सर्व्हर वाढवणं सोपं आहे. नुकसान होतं ते कमी करताना, आणि या पायरीकडेच सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं.

लॉगिन सेशन सर्व्हरच्या डिस्कवर किंवा मेमरीत असेल तर सर्व्हर गेला की माणूस लॉगआउट होतो. सेशन रेडिससारख्या बाहेरच्या जागी न्या. अपलोड केलेल्या फाइली ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये ठेवा. लॉग बाहेर पाठवा, नाहीतर ज्या सर्व्हरवर बिघाड झाला तो पुराव्यासकट नाहीसा होईल.

क्रॉनकडे, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामाकडे, विशेष लक्ष द्या. एक सर्व्हर होता तोवर 'रात्री ९ वाजता फीची आठवण पाठवा' ही क्रॉन त्याच्यावरच चालायची. आता त्याच इमेजवरून (सर्व्हरच्या तयार साच्यावरून) चार सर्व्हर उभे राहिले की चारही जण ९ वाजता तोच एसएमएस पाठवतात. पालकांचे फोन सुरू होतात ते इथून. ठरावीक वेळेची कामं ऑटोस्केल होणाऱ्या सर्व्हरवरून काढून वेगळ्या शेड्युलरकडे द्या.

पुढची गोष्ट म्हणजे निरोप घ्यायची रीत. सर्व्हर काढताना लोड बॅलन्सरने (रिक्वेस्ट सर्व्हरांत वाटणाऱ्या यंत्रणेने) आधी नवीन रिक्वेस्ट थांबवायच्या, चालू असलेल्या संपू द्यायच्या आणि मग मशीन बंद करायचं. एडब्ल्यूएसच्या लोड बॅलन्सरमध्ये ही वाट पाहण्याची मुदत मुळात ३०० सेकंद असते. तुमची सर्वांत लांब रिक्वेस्ट २० सेकंदांची असेल तर ती मुदत कमी करा. कुबरनेटिस या कंटेनर चालवणाऱ्या व्यवस्थेत पॉडला, म्हणजे एकत्र चालणाऱ्या कंटेनरच्या गटाला, आवरायला मुळात ३० सेकंद मिळतात. तुमच्या अॅप्लिकेशनने बंद होण्याचा सिग्नल ऐकून हातातलं काम पुरं करायला हवं. बऱ्याच कंटेनरमध्ये अॅप एखाद्या शेल स्क्रिप्टमागून सुरू होतं, सिग्नल त्या स्क्रिप्टलाच मिळतो आणि अॅपला पत्ताही लागत नाही.

तपासा: दुपारच्या मध्यम ट्रॅफिकमध्ये एक सर्व्हर हाताने काढून टाका. एकाही वापरकर्त्याला एरर दिसली नाही तरच ही पायरी पूर्ण. ही परीक्षा पास होत नसेल तर ऑटोस्केलिंग चालू करू नका, कारण ते हेच दिवसातून अनेकदा करणार आहे.

## ३. तयार होण्याचा वेळ मोजा, आणि कमी करा

'सर्व्हर मिनिटभरात सुरू होतो' हे बोलण्यापुरतं ठीक आहे. खरा वेळ अनेक तुकड्यांचा असतो: मेट्रिक (लोड दाखवणारा आकडा) गोळा होणं, अलार्म वाजणं, मशीन बूट होणं, अॅप सुरू होणं, हेल्थ चेक (सर्व्हर ठीक आहे का याची तपासणी) पास होणं.

ईसीटूचं (एडब्ल्यूएसच्या सर्व्हर सेवेचं) साधं मॉनिटरिंग दर ५ मिनिटांनी आकडा देतं. डिटेल्ड मॉनिटरिंग घेतलं तर दर मिनिटाला. म्हणजे साध्या मॉनिटरिंगवर ऑटोस्केलिंग लावणाऱ्याला गर्दी झाल्याची बातमीच उशिरा मिळते.

आता हिशेब पाहा. समजा एक सर्व्हर सेकंदाला २०० रिक्वेस्ट झेपवतो आणि तुम्ही ५० टक्क्यांचं टार्गेट ठेवलं आहे, म्हणजे सर्व्हर निम्म्या क्षमतेच्या आसपास चालवायचे. सध्या ४ सर्व्हर आहेत, लोड ४०० आहे, पूर्ण क्षमता ८००. संध्याकाळी लोड दर मिनिटाला ६० ने वाढू लागतो. अलार्म वाजायला ३ मिनिटं, बूटला १, पॅकेजेस आणि कोड उतरवायला ३, हेल्थ चेकला १, अशी ८ मिनिटं गेली. तोवर लोड ८८० वर पोचला. साईट पडली, आणि नवे सर्व्हर आले ते गर्दी निघून गेल्यावर.

आता कोड आणि पॅकेजेस आधीच इमेजमध्ये भरून ठेवा. ३ मिनिटं वाचली, वेळ ५ मिनिटांवर आला. त्या ५ मिनिटांत लोड ७०० होतो आणि ८०० मध्ये बसतो. पॉलिसी तीच, टार्गेट तेच, फक्त इमेज बदलली.

म्हणून टार्गेट किती ठेवायचं याचं उत्तर इथून निघतं. लोड वाढण्याचा वेग गुणिले तयार होण्याचा वेळ, इतकी जागा मोकळी हवी. ७० टक्के हा आकडा चांगला की वाईट, हे त्याशिवाय सांगता येत नाही.

इमेज तयार करूनही वेळ जास्तच राहिला, उदाहरणार्थ जावाचं अॅप गरम व्हायला वेळ घेत असेल, तर एडब्ल्यूएसच्या वॉर्म पूलमध्ये आधीच तयार करून थांबवलेले सर्व्हर ठेवता येतात. थांबवलेल्या मशीनचं कम्प्युटचं भाडं लागत नाही, डिस्कचं लागतं.

खबरदारी: इन्स्टन्स वॉर्मअपची मुदत मोजलेल्या वेळेइतकी भरा. ती फार कमी भरली तर नवा सर्व्हर पुरता उभा राहायच्या आतच त्याचा आकडा सरासरीत धरला जातो आणि पुढचे निर्णय चुकतात.

## ४. मेट्रिक निवडा

चांगल्या मेट्रिकची कसोटी एकच आहे: लोड तेवढाच ठेवून सर्व्हर दुप्पट केले, तर तो आकडा साधारण निम्मा व्हायला हवा.

सरासरी सीपीयू या कसोटीला बहुतेकदा उतरतो. प्रति सर्व्हर रिक्वेस्टची संख्याही उतरते. मेमरी सहसा उतरत नाही, कारण बरेच रनटाइम एकदा घेतलेली मेमरी परत देत नाहीत. मेमरीवर पॉलिसी लावली की सर्व्हर वाढतात आणि मग उतरतच नाहीत. प्रतिसादाचा वेळ दिसायला छान मेट्रिक वाटतो, पण डेटाबेस मंदावला की तो वाढतो, सर्व्हर वाढवले तरी कमी होत नाही, आणि वाढलेले सर्व्हर त्याच डेटाबेसवर आणखी भार टाकतात. त्यावर अलार्म ठेवा, स्केलिंग ठेवू नका.

रांगेतल्या एकूण कामांची संख्याही या कसोटीत नापास होते. तिला वर्करच्या संख्येने भागलं की पास होते.

## ५. प्रकारानुसार पद्धत लावा

### वेब आणि एपीआय सर्व्हर

सुरुवात टार्गेट ट्रॅकिंगने करा: आकडा टार्गेटजवळ राहील अशी सर्व्हरची संख्या ते स्वतः ठरवतं. रिक्वेस्ट साधारण सारख्या वजनाच्या असतील तर लोड बॅलन्सरकडून मिळणारी प्रति सर्व्हर रिक्वेस्ट संख्या घ्या, वजन कमीजास्त असेल तर सीपीयू. एडब्ल्यूएसचं टार्गेट ट्रॅकिंग वाढवताना घाई करतं आणि कमी करताना धीर धरतं. ते वागणं योग्य आहे, त्याच्याशी झगडू नका.

झेप एकदम मोठी असते तिथे स्टेप स्केलिंग उपयोगी पडतं: थोडं ओलांडलं तर एक सर्व्हर, खूप ओलांडलं तर चार. पण स्टेप स्केलिंगमध्ये उंबरठे तुम्ही ठरवता आणि तिथेच घोळ होतो. ७० टक्क्यांवर वाढवा आणि ५० च्या खाली कमी करा, असं अनेकांनी लावलेलं असतं. दोन सर्व्हर ७० टक्क्यांवर आहेत, तिसरा आला. तोच लोड तिघांत वाटला की प्रत्येकी ४६.७ टक्के. म्हणजे ५० च्या खाली. लगेच एक काढला, पुन्हा ७०. दिवसभर हा झोपाळा चालू राहतो. कमी करण्याचा उंबरठा तुमच्या किमान संख्येवर हिशेब करून ठरवा. एकाचे दोन होणार असतील तर ७० चे ३५ होतात, म्हणून ३० च्या आसपास ठेवा.

एकाच ग्रुपवर टार्गेट ट्रॅकिंग आणि हाताने लिहिलेली कमी करण्याची पॉलिसी दोन्ही ठेवू नका.

### स्वस्तातले बर्स्टेबल सर्व्हर

एडब्ल्यूएसची टी-थ्री मालिका स्वस्त म्हणून सगळीकडे दिसते, आणि सीपीयूवरचं ऑटोस्केलिंग सर्वांत वाईट फसतं ते याच मालिकेवर. टी-थ्री मीडियमला प्रति व्हीसीपीयू (आभासी सीपीयू) मूळ हिस्सा २० टक्क्यांचा आहे. त्याखाली चाललात तर क्रेडिट साठतं, वर गेलात तर खर्च होतं. स्टँडर्ड मोडमध्ये क्रेडिट संपलं की सर्व्हर २० टक्क्यांवर आवळला जातो.

आता तुमची पॉलिसी काय पाहते? सीपीयू २० टक्के. टार्गेट ६० आहे, म्हणजे सर्व्हर रिकामे बसलेत असा तिचा समज. ती आणखी सर्व्हर वाढवत तर नाहीच, उलट एक काढते. वापरकर्ते गोल फिरणारं चक्र बघत बसतात आणि ग्राफ शांत दिसतो. भरीला, टी-थ्रीला सुरुवातीचं क्रेडिट मिळत नाही. म्हणजे स्टँडर्ड मोडमधला नवा सर्व्हर रिकाम्या खिशाने येतो आणि बूट होण्यातच त्याची दमछाक होते.

टी-थ्री मुळात अनलिमिटेड मोडमध्ये सुरू होतो. तिथे तो आवळला जात नाही, पण सरासरीने मूळ हिश्श्यापेक्षा जास्त वापर झाला की जादा आकार लागतो. कुणीतरी बिल वाचवायला मोड स्टँडर्ड केला असेल तर आधी ते पाहा. सतत लोड असणाऱ्या वेब सर्व्हरसाठी ही मालिका सोडून एम किंवा सी मालिकेतला लहान आकार घ्या. नाहीच सोडायची तर मेट्रिक म्हणून प्रति सर्व्हर रिक्वेस्ट घ्या आणि क्रेडिट शिल्लक किती यावर वेगळा अलार्म लावा.

तपासा: गेल्या पंधरा दिवसांचा क्रेडिट शिल्लकेचा ग्राफ उघडा. तो शून्याला टेकलेला दिसला तर इतर काहीही करण्याआधी हे सोडवा.

### रांगेवरचे वर्कर

सियागंजमधल्या एखाद्या घाऊक व्यापाऱ्यासाठी रोज रात्री इन्व्हॉइसच्या पीडीएफ बनवून पाठवायच्या आहेत असं धरा. वर्करचा बहुतेक वेळ बाहेरच्या मेल किंवा एसएमएस सेवेची वाट पाहण्यात जातो. सीपीयू ८-१० टक्के, रांग मात्र वाढतेच आहे. सीपीयूवर पॉलिसी असेल तर ती हलणारच नाही.

इथे प्रति वर्कर किती काम तुंबलंय ते मोजा. एका कामाला ६ सेकंद लागतात आणि ५ मिनिटांचा उशीर चालतो, तर एका वर्करमागे ३०० भागिले ६, म्हणजे ५० कामं चालतील. रांगेत १,००० कामं आली की २० वर्कर हवेत. टार्गेट ५० ठेवा, बाकी हिशेब टार्गेट ट्रॅकिंग करेल. कुबरनेटिसवर असाल तर हेच काम केडा हे साधन करतं, आणि रांग रिकामी असताना वर्कर शून्यावरही आणतं.

आता मधेच मारला गेलेला वर्कर. एसक्यूएसमध्ये (एडब्ल्यूएसच्या रांगेच्या सेवेत) वर्करने उचललेलं काम ठरावीक मुदतीपुरतं इतरांपासून लपवलं जातं, आणि ती मुदत मुळात ३० सेकंदांची असते. काम तेवढ्यात पुरं झालं नाही तर ते दुसऱ्या वर्करला दिसतं. तुमचं काम ४० सेकंदांचं असेल तर प्रत्येक काम दोनदा होण्याची सोय तुम्हीच करून ठेवली आहे. मुदत वाढवा. शिवाय तेच काम दोनदा झालं तरी परिणाम एकदाच होईल असा कोड लिहा. पीडीएफ दोनदा बनली तर चालतं. पैसे दोनदा कापले गेले तर चालत नाही.

खबरदारी: बाहेरच्या सेवेला सेकंदाला १० कॉलची मर्यादा असेल तर ५० वर्करही सेकंदाला १० च कामं करतील, उरलेले एरर खातील. वर्करची कमाल संख्या त्या मर्यादेवरून ठरवा.

### स्पॉट सर्व्हर

स्पॉट, म्हणजे क्लाउडकडे रिकामा पडलेला सर्व्हर, स्वस्त असतो कारण तो परत मागितला जातो. एडब्ल्यूएस २ मिनिटांची सूचना देतं, अझूर आणि गूगल ३० सेकंदांची. दुसऱ्या पायरीतली परीक्षा पास झालेल्या सर्व्हरलाच स्पॉटवर न्या. रांगेचे वर्कर सर्वांत योग्य. वेब सर्व्हरसाठी मिश्र ग्रुप करा: किमान संख्या ऑन-डिमांडवर (नेहमीच्या दराच्या सर्व्हरवर), वरची वाढ स्पॉटवर. एकाच आकाराच्या मशीनवर अडून बसू नका, चार-पाच प्रकार आणि सगळे झोन (एकाच भागातली वेगवेगळी डेटा सेंटर) द्या. एका प्रकाराचा साठा संपला की सगळे सर्व्हर एकदम परत जातात, तो धोका याने टळतो.

### कुबरनेटिसवरचे कंटेनर

इथे ऑटोस्केलिंगचे दोन मजले आहेत. वर पॉड वाढवणारा एचपीए, खाली नोड (पॉड ज्यांवर चालतात ती मशीनं) वाढवणारा क्लस्टर ऑटोस्केलर किंवा कार्पेंटर. एकच लावून दुसरा विसरलात तर पॉड पेंडिंगमध्ये लटकतात.

एचपीएचा हिशेब सरळ आहे: सध्याचे पॉड गुणिले सध्याचा आकडा भागिले टार्गेट, आणि उत्तर वरच्या पूर्णांकाला. ४ पॉड ९० टक्क्यांवर, टार्गेट ६०, म्हणून ६ पॉड. १० टक्क्यांच्या आतला फरक तो सोडून देतो. पण हे टक्के कशाचे? पॉडच्या सीपीयू रिक्वेस्टचे, म्हणजे पॉडने मागून घेतलेल्या सीपीयूचे. लिमिटचे नाहीत, नोडचेही नाहीत. रिक्वेस्ट १०० मिलिकोअर (एका कोअरचा दहावा भाग) लिहिली आणि अॅप निवांत असतानाही १५० खात असेल तर एचपीएला कायम १५० टक्के दिसतात आणि तो थेट कमाल संख्येला जाऊन बसतो. रिक्वेस्ट लिहिलीच नसेल तर आकडा मिळत नाही आणि एचपीए जागचा हलत नाही. आधी खरा वापर पाहून रिक्वेस्ट नीट लिहा.

दुसरी चूक अगदी बारीक, पण भारी पडते. डिप्लॉयमेंटच्या फाइलमध्ये 'रेप्लिकाज: २' ही पॉडची संख्या सांगणारी ओळ तशीच राहते. एचपीएने गर्दीत १२ पॉड केलेले असतात, तुम्ही दुपारी छोटासा बदल डिप्लॉय करता, आणि पॉड १२ वरून २ वर येतात. एचपीए पुन्हा वाढवेपर्यंत साईट गुदमरते. एचपीए लावला की ती ओळ फाइलमधून काढा. टेराफॉर्मने (सर्व्हर कोडमधून उभारायच्या साधनाने) ऑटोस्केलिंग ग्रुप चालवत असाल तर डिझायर्ड कपॅसिटीचंही, म्हणजे सध्या हव्या असलेल्या सर्व्हर संख्येचंही, तेच: तिच्यातला बदल दुर्लक्षित करायला सांगा.

एचपीए आणि व्हीपीए दोन्ही एकाच वेळी सीपीयूवर लावू नका. व्हीपीए पॉडचा आकार बदलतो, एचपीए त्याच आकारावरून संख्या ठरवतो, आणि दोघांचं कधीच जमत नाही.

### वेबसॉकेट आणि लांब चालणारी कनेक्शन्स

लाइव्ह क्लास, चॅट, डिलिव्हरीचं ट्रॅकिंग. मेट्रिक म्हणून प्रति सर्व्हर कनेक्शनची संख्या घ्या. नवा सर्व्हर आला तरी जुनी कनेक्शन्स आपण होऊन त्याच्याकडे जात नाहीत, फक्त नवी जातात. म्हणून इथे लवकर वाढवावं लागतं. कमी करताना एक सर्व्हर गेला की त्याची सगळी कनेक्शन्स एकाच क्षणी परत जोडायला धावतात. क्लायंटने परत जोडण्याआधी थोडा यादृच्छिक वेळ थांबावं असं लिहा. कमी करायचं ते रात्री उशिरा, एकेक.

### जीपीयू सर्व्हर

सीपीयू इथे काहीच सांगत नाही. वाट पाहणाऱ्या रिक्वेस्टची संख्या हेच मेट्रिक. मॉडेलची फाइल कित्येक जीबींची असते, त्यामुळे तयार होण्याचा वेळ लांबतो. मॉडेल इमेजमध्ये किंवा जवळच्या डिस्कवर ठेवा आणि किमान एक सर्व्हर कामाच्या वेळात चालू राहू द्या. नव्या खात्यात जीपीयूचा कोटा अनेकदा शून्यच असतो. तो आधी मागून घ्या.

### डेटाबेस

याला वेब सर्व्हरसारखं ऑटोस्केलिंग लावता येत नाही. लिहिण्याचा भार वाढला की मशीनचा आकार वाढवावा लागतो आणि त्यात थोडा वेळ सेवा खंडित होते, म्हणून ते ठरवून, कमी गर्दीच्या वेळी करायचं काम आहे. वाचण्याचा भार रीड रेप्लिकांवर (डेटाबेसच्या वाचण्यापुरत्या प्रतींवर) वाटता येतो. एडब्ल्यूएसच्या ऑरोरा डेटाबेसमध्ये १५ पर्यंत रेप्लिका होतात आणि त्यांची संख्या आपोआप बदलता येते. पण रेप्लिका किंचित मागे असते. परीक्षार्थीने उत्तर सेव्ह केलं आणि पुढच्याच पानावर ते रेप्लिकेवरून वाचलं तर ते 'गायब' दिसू शकतं. असं वाचन मुख्य डेटाबेसवरूनच करा. आरडीएसची (एडब्ल्यूएसच्या डेटाबेस सेवेची) डिस्क आपोआप वाढू शकते, कमी होत नाही. वाढीची कमाल मर्यादा घाला.

## ६. किमान आणि कमाल संख्या ठरवा

किमान संख्या अशी ठेवा की एक झोन बंद पडला तरी शांत वेळेचा लोड उरलेल्यांना झेपेल. कमाल संख्या बहुतेक लोक बिलाकडे पाहून ठरवतात. ती डेटाबेसकडे पाहून ठरवा.

मायएसक्यूएलची कनेक्शन मर्यादा मुळात १५१ असते, पोस्टग्रेसची १००. तुमचे १२ सर्व्हर, प्रत्येकात ४ प्रोसेस, प्रत्येक प्रोसेसचा कनेक्शन पूल १० चा. एकूण ४८०. मर्यादा ४०० पर्यंत वाढवलेली असली तरी अकराव्या सर्व्हरला डेटाबेस दार उघडणार नाही. शिवाय रोलिंग डिप्लॉयच्या वेळी जुने-नवे सर्व्हर काही काळ एकत्र असतात, ती जास्तीची जागाही धरा. पूल लहान करा, किंवा मध्ये थोडी कनेक्शन्स अनेकांत वाटून देणारं पीजीबाउन्सर अथवा आरडीएस प्रॉक्सी ठेवा. लॅम्डा (एडब्ल्यूएसची फंक्शन चालवणारी सेवा) वापरत असाल तर हे दुप्पट लागू: एका रीजनमध्ये (क्लाउडच्या एका भौगोलिक विभागात) मुळात १,००० पर्यंत फंक्शन एकाच वेळी चालू शकतात, आणि तुमच्या डेटाबेसला ते झेपणार नाही. फंक्शनला रिझर्व्ड कन्करन्सीची मर्यादा घाला.

सबनेटही पाहा, म्हणजे नेटवर्कचा तो भाग जिथून सर्व्हरना आयपी पत्ते मिळतात. एडब्ल्यूएसमध्ये प्रत्येक सबनेटमधले ५ पत्ते राखीव असतात, म्हणून ६४ पत्त्यांच्या सबनेटमध्ये ५९ च मिळतात. कुबरनेटिसवर पॉडही पत्ते घेत असतील तर ते लवकर संपतात. खात्याचा व्हीसीपीयू कोटा रीजननिहाय असतो. मुंबईत मिळालेला कोटा हैदराबादमध्ये चालत नाही.

खबरदारी: लोड बॅलन्सरच्या हेल्थ चेकमध्ये डेटाबेसची तपासणी घालू नका. डेटाबेस मंदावला की सगळेच सर्व्हर 'आजारी' ठरतात, ग्रुप सगळ्यांना बदलायला घेतो, नवे सर्व्हर नवी कनेक्शन्स मागतात आणि डेटाबेस पुरता बसतो. हेल्थ चेकने 'हा सर्व्हर स्वतः ठीक आहे का' एवढंच विचारावं.

## ७. ठाऊक असलेल्या गर्दीसाठी वेळापत्रक लावा

जी गर्दी आधीच ठाऊक आहे तिच्यासाठी अलार्मची वाट पाहू नका. सराफ्यातल्या खाऊच्या दुकानांची ऑर्डर घेणारं अॅप असेल तर गर्दी रात्रीची. टेस्ट सिरीज असेल तर रविवार सकाळ. होळकर स्टेडियमवर सामना असेल तर तो दिवस.

वेळापत्रकात डिझायर्ड संख्या वाढवू नका, किमान संख्या वाढवा. फक्त डिझायर्ड वाढवली तर गर्दी येण्याआधी रिकामे सर्व्हर पाहून टार्गेट ट्रॅकिंग ते काढून टाकतं. गर्दी ओसरल्यावर किमान परत खाली आणा आणि सर्व्हर कमी करण्याचं काम पॉलिसीवर सोडा.

टाइमझोन न दिल्यास वेळ युटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) धरली जाते. रात्री ८ म्हणजे युटीसीत दुपारचे २:३०. कुणी '२०:०० ला वाढवा' असं लिहिलं तर सर्व्हर आपल्याकडे मध्यरात्रीनंतर १:३० ला वाढतील. एडब्ल्यूएसमध्ये आणि केडामध्ये टाइमझोन म्हणून एशिया/कोलकाता देता येतो. तो द्याच.

सणांचं वेगळं. रंगपंचमीच्या गेरला (रंगांच्या मिरवणुकीला) राजवाड्याकडे अख्खं शहर लोटतं, आणि त्या दिवशी लाइव्ह व्हिडिओ, बातम्या, नकाशे यांचा लोड नेहमीच्या कोणत्याही आकृतीत बसत नाही. तिथी दरवर्षी वेगळ्या तारखेला येते, म्हणून दरवर्षी त्याच तारखेला चालणारं आवर्ती वेळापत्रक इथे चुकणार. वर्षाच्या सुरुवातीला कॅलेंडर घेऊन बसा आणि रंगपंचमी, अनंत चतुर्दशीची झांकी (देखाव्यांची मिरवणूक), दिवाळी यांच्या एकेकट्या नोंदी घाला.

एडब्ल्यूएसचं प्रेडिक्टिव्ह स्केलिंग (मागच्या लोडवरून अंदाज बांधून आधीच सर्व्हर वाढवणं) रोजच्या, आठवड्याच्या ठरावीक लयीला चांगलं. ते १४ दिवसांपर्यंतचा इतिहास पाहतं, त्यामुळे वर्षातून एकदा येणारा सण त्याला दिसणारच नाही. आधी 'फक्त अंदाज' मोडमध्ये ठेवा, अंदाज आणि खरा लोड दोन-तीन आठवडे ताडून पाहा, मग चालू करा.

## ८. चाचणी घ्या, पण चारही बाजूंनी

के-सिक्स, जेमीटर, लोकस्ट यांतलं लोड पाठवणारं कोणतंही साधन चालेल. ऑफिसच्या ब्रॉडबँडवरून लोड पाठवू नका, आधी तुमची लाइनच भरेल. क्लाउडमधल्याच वेगळ्या मशीनवरून पाठवा.

1. हळूहळू वाढणारा लोड. सर्व्हर वेळेत येतात का?
2. एका मिनिटात तिप्पट लोड. बहुतेक ठिकाणी इथे एरर दिसतील. किती मिनिटं, ते लिहा. ती मिनिटं परवडत नसतील तर किमान संख्या वाढवणं किंवा वेळापत्रक एवढेच उपाय आहेत, पॉलिसीत खुडबुड करून फरक पडत नाही.
3. कमाल संख्येपर्यंत नेऊन पाहा. डेटाबेसची कनेक्शन्स आणि कोटा खरंच पुरतात का?
4. लोड एकदम काढून घ्या. सर्व्हर कमी होताना एकही एरर येता कामा नये.

चौथी चाचणी सोडून देण्याची फार सवय आहे. लोड संपला की लोक लॅपटॉप मिटतात. सर्व्हर पूर्ण उतरेपर्यंत बसून पाहा.

तपासा: चाचणी चालू असतानाच एक डिप्लॉय करा. रेप्लिकांची ती ओळ राहून गेली असेल तर इथे उघडी पडेल.

## ९. लावल्यानंतर

पहिले काही दिवस रोज ऑटोस्केलिंग ग्रुपचा अॅक्टिव्हिटी लॉग वाचा. एका तासात वाढ-घट-वाढ-घट दिसली तर उंबरठे किंवा वॉर्मअप चुकले आहेत. संख्या कमाल मर्यादेला टेकली की फोनवर अलार्म यायला हवा, कारण तिथून पुढे ऑटोस्केलिंग तुमच्या मदतीला नाही. वाढलेली संख्या रात्रीही उतरली नाही तर मेट्रिक चौथ्या पायरीतल्या कसोटीवर पुन्हा घासून पाहा.

कोडमध्ये मोठा बदल झाला, मशीनचा प्रकार बदलला किंवा नवी बाहेरची सेवा जोडली की एका सर्व्हरची क्षमता बदलते. तेव्हा पहिल्या पायरीतलं मोजमाप नव्याने करा, आणि टार्गेटचा आकडा शीटवरच्या जुन्या आकड्यावरून न उचलता त्या मोजमापावरून भरा.